अमेरिकेत डीलरकडून जुनी आरव्ही घेताना: आधी पाणी, मग इंजिन, मग कागद

जुनी आरव्ही, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेलं चाकांवरचं घर, बघायला गेल्यावर बहुतेक जण आधी बॉनेट उघडतात आणि मग मैलांचा आकडा बघतात. दहा वर्षांच्या गाडीवर तीस हजार मैल दिसले की हुरळून जातात. पण फोर्डचं इंजिन नीट सांभाळलं तर लाखभर मैल सहज जातं, आणि बिघडलंच तर दुरुस्त करणारा मेकॅनिक अमेरिकेत कुठेही मिळतो. छतातून झिरपलेल्या पाण्याने आतली लाकडी चौकट कुजली असेल, तर मात्र दुरुस्तीचा खर्च पाहता पाहता गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो. म्हणून या लेखाचा बराच भाग पाण्यावरच खर्च केला आहे, आणि तुम्हीही डीलरच्या आवारातला तुमचा बराच वेळ त्यावरच खर्च करा.

इथे डोळ्यासमोर आहे ती क्लास सी मोटरहोम: ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग पुढे आलेला, फोर्ड ई-४५० च्या सांगाड्यावर बांधलेली, २४ ते ३२ फूट लांबीची. भाड्याने आरव्ही घेऊन यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यन करून आलेली आपली मंडळी विकत घेताना साधारण हिच्याकडेच वळतात, कारण चालवायला ती मोठ्या व्हॅनसारखी वाटते. मागे जोडायचा ट्रॅव्हल ट्रेलर स्वस्त पडतो, पण बहुतेक राज्यांत तो ओढला जात असताना आत बसायला परवानगी नसते. भारतातून आलेले आई-बाबा आणि दोन मुलं घेऊन जायचं असेल, तर ओढणाऱ्या गाडीत सगळे बसतात का, ते आधी मोजा.

हीच मोजणी मोटरहोममध्येही करा. जाहिरातीत "आठ जण झोपतात" असं असतं, पण सीट बेल्टचे पट्टे पाचच असू शकतात. जेवणाच्या टेबलाजवळचे पट्टे लोखंडी सांगाड्याला बोल्टने बसवलेले आहेत की नुसत्या प्लायवूडच्या बाकाला, हे बाक उचलून बघा. मुलांच्या कार सीटसाठी पुढे तोंड असलेली जागा लागते. आडव्या सोफ्यावर ती बसवता येत नाही. आणि पायरी किती उंच आहे, संडासात वळता येतं का, हे ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना सोबत नेऊनच ठरवा.

जाण्याआधी, फोनवर आणि ईमेलवर

पहिला प्रश्न: गाडी डीलरच्या मालकीची आहे की दुसऱ्या कोणाची विक्रीसाठी ठेवलेली? दुसऱ्याची असेल तर तिच्यावर आधीच्या मालकाचं कर्ज बाकी असू शकतं, आणि टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, बँकेकडून सुटून यायला वेळ लागतो. मूळ टायटल डीलरच्या हातात आहे का, ते लेखी विचारा. नसेल तर ते येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

दुसरा: व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक. तो घेऊन एनएमव्हीटीआयएस या टायटलच्या देशव्यापी नोंदणीशी जोडलेल्या एखाद्या सेवेवर टायटलचा इतिहास काढा. पुरात सापडलेल्या किंवा विमा कंपनीने मोडीत काढलेल्या गाड्या दुसऱ्या राज्यात नेऊन, वरून चकचकीत करून विकल्या जातात, आणि टायटलवरचा तो शिक्का इथे दिसतो. मग एनएचटीएसए या संघीय रस्ता-सुरक्षा संस्थेच्या साइटवर रिकॉल बघा, म्हणजे दोषामुळे कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावलं आहे का ते. मोटरहोमच्या बाबतीत हे तीनदा करावं लागतं: एकदा फोर्डच्या सांगाड्यासाठी, एकदा वरचं घर बांधणाऱ्या कंपनीसाठी, आणि एकदा आतल्या उपकरणांसाठी. गॅसवर चालणाऱ्या काही जुन्या फ्रिजांना, डोमेटिक आणि नॉरकोल्ड दोघांच्याही, आगीच्या धोक्यामुळे रिकॉल झालेले आहेत. फ्रिजचा मॉडेल आणि सीरियल नंबर आतल्या पाटीवर असतो. फोटो मागवा.

तिसरी गोष्ट, आणि हीच लोक विसरतात: तुम्ही पोचाल तेव्हा सगळं चालू स्थितीत हवं. ईमेलमध्ये असं लिहा:

- फ्रिज आदल्या दिवशी सकाळीच विजेवर लावून ठेवावा.
- ताज्या पाण्याची टाकी निदान अर्धी भरलेली असावी.
- प्रोपेन भरलेला असावा.
- घराच्या, म्हणजे राहत्या भागाला वीज देणाऱ्या, बॅटऱ्या चार्ज केलेल्या असाव्यात.
- पेट्रोल पाव टाकीच्या वर असावं.

शेवटच्या ओळीमागे कारण आहे. जनरेटर गाडीच्याच टाकीतून पेट्रोल ओढतो, पण त्याची नळी मुद्दाम आखूड ठेवलेली असते, म्हणजे रात्रभर जनरेटर चालवून माणूस रानात अडकू नये. पेट्रोल साधारण पाव टाकीच्या खाली गेलं की जनरेटर सुरूच होत नाही. "पेट्रोल कमी आहे म्हणून चालत नाहीये, बाकी उत्तम आहे" हे वाक्य ऐकून परत येऊ नका.

सोबत न्यायचं सामान थोडंच आहे: चांगला टॉर्च, ओल मोजायचं मीटर (हार्डवेअरच्या दुकानात तीस-चाळीस डॉलरपासून मिळतं), व्होल्टमीटर, स्वयंपाकघरातला थर्मामीटर, फवारणीच्या बाटलीत साबणाचं पाणी, टेप आणि मळले तरी चालतील असे कपडे. गाडीखाली झोपावं लागणार आहे.

पाणी

आत शिरल्यावर दार-खिडक्या लावून पाच मिनिटं गप्प बसा. पावसाळाभर बंद राहिलेलं कोकणातलं घर उघडल्यावर येतो तो वास, न वाळता घडी घातलेल्या गोधडीचा वास, तो ओळखायला तुम्हाला कोणी शिकवायला नको. जागोजागी सुगंधी डब्या लटकवलेल्या असतील, तर त्या बाहेर ठेवायला सांगा आणि अर्ध्या तासाने पुन्हा आत या.

आरव्ही का गळते, ते समजून घेतलं की कुठे बघायचं ते आपोआप कळतं. हे घर ताशी साठ-पासष्ट मैलांनी हादरत जातं. छताला एसी, पंखे, अँटेना, नळांचे हवेचे पाइप, स्कायलाइट अशी डझनभर भोकं पाडलेली असतात, आणि प्रत्येक भोक सीलंटच्या एका पट्टीवर विसंबून असतं. ऊन त्या सीलंटला कडक करतं, हादरा त्याला तडा देतो, आणि केसाएवढ्या फटीतून पाणी आत जातं. ते लगेच टपकत नाही. छताच्या प्लायमधून, भिंतीच्या पोकळीतून उतरत जातं, आणि आतल्या कागदावर डाग उमटेपर्यंत एक-दोन वर्षं गेलेली असतात. म्हणून वर्षातून निदान दोनदा छत तपासून सीलंट भरणारा मालक आणि न भरणारा मालक यांच्या गाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आधीच्या मालकाच्या पावत्या मागा. सीलंटच्या ट्यूबची दहा डॉलरची पावतीसुद्धा बरंच सांगते.

छतावर चढायला मिळालं तर उत्तम. बरेच डीलर अपघाताच्या जबाबदारीमुळे चढू देत नाहीत. मग शिडी मागा, नाहीतर फोन लांब काठीला लावून व्हिडिओ काढा. पांढरं रबरी छत खडूसारखी पावडर सोडत असेल तर ते वयाचं लक्षण, तेवढ्याने घाबरू नका. सीलंटला भेगा आहेत का, कडा उचलल्या आहेत का, आणि नवं सीलंट जुन्याच्या उरावर थापलंय का, ते बघा. सगळीकडे जुनं आणि एकाच कोपऱ्यात ताजं पांढरं सीलंट दिसलं तर तो कोपरा आतून दुप्पट काळजीने तपासा.

आता बाहेरच्या भिंती. फायबरग्लासचा पत्रा आत पातळ प्लायला चिकटवलेला असतो. पाणी शिरलं की गोंद सुटतो आणि पत्रा फुगतो. समोर उभं राहून हा फुगवटा दिसत नाही. गाडीच्या मागच्या कोपऱ्याला गाल टेकवल्यासारखं उभं राहा आणि भिंतीवरून लांबवर बघत जा, किंवा टॉर्च भिंतीला समांतर धरा. पापड भाजताना येतात तशी फुगीर बेटं दिसतील. तळव्याने दाबल्यावर भिंत आत-बाहेर होते, कधी करकर वाजते. हा दोष मेणाने, रंगाने किंवा स्टिकरने जात नाही. पत्रा काढून आतलं लाकूड बदलावं लागतं आणि खर्च हजारोंत जातो. फुगवटा एका हाताच्या पंज्यापेक्षा मोठा असेल तर किमतीची घासाघीस करण्यापेक्षा दुसरी गाडी बघा.

आत सगळ्यात आधी ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग. क्लास सी गाड्यांची ही जुनीच दुखरी जागा आहे: समोरून वारा आणि पाऊस थेट इथे आदळतो, आणि पुढे खिडकी असेल तर एक भोक आणखी वाढतं. गादी पूर्ण उचला. खालचा प्लाय अंगठ्याने दाबा. कडक लाकूड अंगठ्याला दाद देत नाही, कुजलेलं ओल्या बिस्किटासारखं दबतं. कोपऱ्यातले स्क्रू गंजलेत का बघा. मग मीटर लावा. आकडे प्रत्येक मीटरचे थोडे वेगळे येतात, म्हणून आधी खात्रीने कोरड्या असलेल्या आतल्या मधल्या भिंतीवर लावून बघा आणि त्याच्याशी तुलना करा. लाकडाला साधारण १५ टक्क्यांपर्यंत ठीक, २० च्या वर संशय, २५ च्या वर ओल नक्की. सुया टोचणारं मीटर असेल तर डीलर हरकत घेईल, तेव्हा नुसतं टेकवायचं मीटर बरं.

तिथून गाडीभर फिरा: छत आणि भिंत मिळते तो प्रत्येक कोपरा, वरच्या कपाटांचे आतले कोपरे (सामान काढून), एसीच्या जाळीभोवती, स्कायलाइटभोवती, खिडक्यांच्या खालच्या कडा, शॉवरची बाहेरची बाजू, संडासाच्या बुडाभोवती. जमिनीवर टाच दाबत चाला. स्लाइड-आउट, म्हणजे भिंतीचा बाहेर सरकणारा भाग, असेल तर त्याच्या जमिनीचे दोन्ही बाहेरचे कोपरे गाडीखाली झोपून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. बद्द आवाज आला तर तिथे लाकूड गेलंय. स्लाइड तीनदा पूर्ण बाहेर काढायला आणि तीनदा आत घ्यायला लावा. एक बाजू पुढे आणि एक मागे अशी तिरकी जात असेल, तर पुढे मोटर आणि रुळाचा खर्च आहे.

वॉलपेपरवर किंवा छताच्या पट्टीवर नव्याने चिकटवलेली सजावट दिसली तर तिच्या खाली काय आहे ते विचारा. डाग कोरडा असला तरी डीलरचं "ती गळती केव्हाच बंद केलीय" हे उत्तर पुरेसं नाही. गळती बंद झाली तरी कुजलेलं लाकूड पुन्हा उभं राहत नाही.

आता नळांचं पाणी. पंप चालू करा, प्रत्येक नळ गरम आणि थंड दोन्ही बाजूंनी सोडा, हवा निघून धार एकसारखी आली की सगळे बंद करा. पंप थांबला पाहिजे आणि थांबलेलाच राहिला पाहिजे. पंधरा-वीस मिनिटांत मधूनच दोन सेकंद घुर्र करून परत थांबला, तर कुठेतरी पाणी झिरपतंय. टॉर्च घेऊन सिंकखाली, पलंगाखाली पंपाशी आणि संडासामागे बघा. बाहेरून होस लावूनही हेच करा, कारण कॅम्पग्राउंडच्या नळाचा दाब पंपापेक्षा जास्त असू शकतो. दाब कमी करणारा रेग्युलेटर लावायला विसरू नका.

पाण्याचा हीटर सबर्बन कंपनीचा असेल तर त्याच्या पोलादी टाकीत गंज स्वतःवर घेणारी एक दांडी असते. ती बाहेर काढून दाखवायला सांगा, अर्थात पाणी थंड असताना आणि दाब सोडल्यावर. दांडीचा तीन चतुर्थांश भाग झिजून नुसती तार उरली असेल तर कोणी वर्षानुवर्षं तिकडे बघितलेलं नाही. ॲटवूडच्या ॲल्युमिनियम टाकीला ही दांडी नसते, तिथे शोधू नका.

मिशिगन, मिनेसोटासारख्या थंड राज्यांत एक अडचण येते. ऑक्टोबरनंतर किमती उतरतात, डीलरला हिवाळाभर गाडी सांभाळायची नसते, म्हणून घ्यायला हाच काळ चांगला. पण तेव्हा नळांत गुलाबी अँटिफ्रीझ भरलेलं असतं आणि पाण्याची एकही चाचणी होत नाही. पाणी आत राहून गोठलं असेल तर नळांचे सांधे, पंपाचं डोकं आणि संडासाचा व्हॉल्व्ह फुटतात, आणि ते वसंतात पाणी भरेपर्यंत कळत नाही. अशा वेळी करारात ओळ घाला: पाण्याची पूर्ण यंत्रणा चालवून दाखवल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असं धरलं जाणार नाही. किंवा उबदार वर्कशॉपमध्ये गाडी आत घेऊन पाणी भरायला लावा. मोठ्या डीलरला हे जमतं, थोडे पैसे मागेल, द्या.

फ्रिज, प्रोपेन, वीज

बहुतेक जुन्या आरव्हीतला फ्रिज घरच्यासारखा कॉम्प्रेसरचा नसतो. अमोनिया तापवून थंडी तयार होते आणि त्याला गार व्हायला कित्येक तास लागतात. म्हणूनच आदल्या दिवशी लावायला सांगितलं. थर्मामीटर खालच्या कप्प्यात ठेवा: ४०° फॅरनहाइट किंवा कमी हवं. मग विजेवरून प्रोपेनवर टाका आणि ज्योत पेटते का बघा. बाहेरची मागची जाळी उघडून नळ्यांवर पिवळट पूड किंवा अमोनियाचा झोंबणारा वास आला, तर फ्रिज संपलेला आहे आणि नव्याला हजारांत पैसे लागतात.

प्रोपेनची शेगडी, पाण्याचा हीटर आणि गाडी उबदार ठेवणारी भट्टी एकेक करून चालवा. मग डीलरच्या तंत्रज्ञाला गॅसच्या दाबाची आणि गळतीची चाचणी करून आकडा कागदावर लिहायला सांगा. दाब ११ इंच वॉटर कॉलमच्या (गॅसचा दाब मोजायचं एकक) आसपास हवा. सांध्यांवर साबणाचं पाणी तुम्हीही फवारू शकता. बुडबुडे आले की गळती. प्रोपेन आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मच्या मागे बदलायची तारीख छापलेली असते. ती उलटून गेलेली असणं अगदी नेहमीचं आहे. नवे बसवून घ्या, ही गोष्ट घासाघिशीची नाही, ती झोपलेल्या मुलांची आहे. शेगडीच्या जाळीवर तुमचा कुकर आणि कढई शेजारी-शेजारी मावतात का, हेही बघून घ्या. तीन बर्नर म्हणतात, पण मोठी भांडी दोनच बसतात.

बाहेरची वीज जोडण्याआधी घराच्या बॅटरीवर व्होल्टमीटर लावा. पूर्ण चार्ज झालेली, काही वेळ विसावलेली साधी लेड-ॲसिड बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. मग वीज जोडा. आकडा साडेतेराच्या जवळ चढला तर चार्ज करणारा कन्व्हर्टर काम करतोय. एसी वीस मिनिटं चालवून आत ओढली जाणारी हवा आणि बाहेर येणारी थंड हवा यांचं तापमान मोजा. फरक २०° फॅरनहाइटच्या आसपास हवा. गाडी तीस ॲम्पिअरची असेल तर एकूण ३६०० वॉट मिळतात, म्हणजे एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि हेअर ड्रायर दोन्ही लावले की ब्रेकर पडणारच. तो दोष नाही.

जनरेटर थंड असताना सुरू करायला लावा. आधीच कोणी तापवून ठेवलाय का, हात लावून बघा. त्याच्यावर एसी टाकून निदान अर्धा तास चालू द्या. तासांचं मीटर फार कमी दाखवत असेल तर खूश होऊ नका. ओनान जनरेटर महिन्यातून दोनेक तास अर्ध्या भारावर चालवावा असं बनवणारी कंपनीच सांगते, कारण उभा राहिला की पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरमध्ये बसतो. दहा वर्षांत ६० तास चाललेला जनरेटर हा वापर नसलेला नाही, दुर्लक्ष झालेला जनरेटर आहे. भार टाकल्यावर आवाज वर-खाली हेलकावे खात असेल तर कार्ब्युरेटर गेलाय.

टायर, वजन आणि रस्त्यावरची फेरी

टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांनंतर येणाऱ्या कोडचे शेवटचे चार अंक बघा. ३२१७ म्हणजे २०१७ सालचा ३२ वा आठवडा. आरव्हीचे टायर झिजून मरत नाहीत, वयाने मरतात; नक्षी कोरी असली तरी सहा-सात वर्षांनंतर भरवसा नाही. फुटलेला मागचा टायर नुसता पंक्चर होत नाही, चाकाच्या वरची पेटी, पाण्याच्या नळ्या आणि वायरी फाडून टाकतो. ई-४५० ला सहा टायर लागतात, स्टेपनी वेगळी. जुने असतील तर सहाही डीलरकडून बदलून घ्या किंवा तेवढी रक्कम किमतीतून कमी करा. मागच्या जोडीतला आतला टायर बघायला वाकावं लागतं. कोड कधीकधी आतल्या बाजूला असतो, म्हणून खरंच वाका.

दाराजवळ किंवा कपाटात पिवळी पाटी असते, माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल त्याची. हा आकडा चक्रावून टाकतो. २०२० च्या आसपासच्या ई-४५० चं कमाल एकूण वजन १४,५०० पौंड असलं तरी लांब, दोन स्लाइडच्या गाडीत माणसं-सामानासाठी फार थोडं उरतं. हिशेब करा: सहा माणसं ९०० पौंड, चाळीस गॅलन पाणी सुमारे ३३० पौंड (एक गॅलन म्हणजे ८.३), म्हणजे तांदळाची पिशवी आत यायच्या आधीच बाराशेच्या वर गेलात. पाटीवर हजारच असतील तर गाडी कितीही सुंदर असो, तुमच्या कुटुंबाची नाही.

चालवून बघताना वीसेक मैल हायवेवर न्या, इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करा. जुन्या ६.८ लिटर व्ही-टेन इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळीचे) बोल्ट गंजून तुटतात; थंड असताना टकटक-टकटक आवाज येतो आणि तापल्यावर कमी होतो. गाडी जगते, पण तुटलेले बोल्ट काढणं मेहनतीचं आणि महाग. चढावर गिअर खाली येताना झटका बसतो का, ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढते का, शेजारून ट्रक गेल्यावर सुकाणू किती सांभाळावं लागतं, हे बघा. थोडं डोलणं क्लास सीचा स्वभाव आहे. परत आल्यावर एसीच्या माथ्यापर्यंत उंची मोजून घ्या, साधारण अकरा-बारा फूट भरते, आणि तो आकडा स्टिअरिंगजवळ चिकटवा. गॅस स्टेशनच्या छपराला धडकणाऱ्या आरव्ही दर उन्हाळ्यात असतात.

हे सगळं स्वतः करूनही तटस्थ तपासनीस लावा. एनआरव्हीआयए या आरव्ही तपासनिसांच्या संघटनेचे प्रमाणित तपासनीस देशभर आहेत, त्यांची सविस्तर, दुसऱ्या पातळीची (लेव्हल २) तपासणी मागा. इंजिन, गिअरबॉक्स आणि जनरेटर यांच्या तेलाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवायचा पर्याय घ्या. खर्च सहज हजार डॉलरच्या घरात जातो, आणि अहवालाला काही दिवस लागतात. ज्या डीलरला तपासनीस आत आलेला चालत नाही, त्याच्याकडून निघा.

पैशाचा टेबल

बाजारभाव बघायला जे. डी. पॉवरच्या (पूर्वीच्या नाडाच्या) भाव-मार्गदर्शिकेतले आकडे वापरा, आणि दोनशे-तीनशे मैलांच्या परिसरात तीच गाडी काय किमतीला लागली आहे ते बघा. भाव फक्त एकाच आकड्यावर करा: सगळे कर, टायटल, नोंदणी आणि डीलरची कागदपत्र-फी धरून दारातून बाहेर पडताना मोजायची रक्कम. कागदपत्र-फीला काही राज्यांत कायद्याची मर्यादा आहे, काहींत नाही. "तयारी", "तपासणी", "कापडाचं संरक्षण" अशा ओळी दिसल्या की एकेकीवर बोट ठेवून काढायला सांगा. महिन्याचा हप्ता किती परवडतो, या प्रश्नाला उत्तर देऊ नका.

हप्त्याची गंमत आकड्यांत बघा. ६०,००० डॉलर, ९ टक्के, १५ वर्षं: हप्ता सुमारे ६०९. ऐकायला बरा. पाच वर्षांनी तुम्ही ३६,५०० भरलेले असतात आणि ४८,००० अजून बाकी असतात. तेवढ्या वर्षांत गाडीचा भाव त्याच्या बराच खाली गेलेला असेल, म्हणजे विकायची ठरवली तर पदरचे पैसे घालून विकावी लागेल. आयटीतल्या माणसाची नोकरी, शहर आणि व्हिसा पाच वर्षांत बदलू शकतो. निदान २० ते ३० टक्के आधी भरा, मुदत कमी ठेवा, आणि डीलरकडे जाण्याआधी क्रेडिट युनियनकडून (सभासदांच्या पतसंस्थेकडून) कर्जाची मंजुरी घेऊन जा. डीलर बँकेच्या दरावर स्वतःचा टक्का चढवू शकतो. झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली आरव्ही आयआरएसच्या (अमेरिकी कर खात्याच्या) नियमात दुसरं घर धरता येते, त्यामुळे कर भरताना आयटेमाइझ करत, म्हणजे वजावटी एकेक मांडत असाल तर व्याजाची वजावट मिळू शकते.

वाढीव वॉरंटी त्याच दिवशी घेऊ नका. करार घरी आणा आणि वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाचा: पाणी शिरून झालेलं नुकसान जवळपास नेहमी तिथे असतं.

हेही हिशेबात धरा: बऱ्याच एचओएच्या (घरमालक संघाच्या) वसाहतींत आरव्ही दारात उभी करता येत नाही, म्हणजे दरमहा स्टोरेजचं भाडं.

सही आणि ताबा

डीलरच्या दुकानात जाऊन घेतलेल्या गाडीला तीन दिवसांत परत करायचा हक्क असतो, असं बरेच जण धरून चालतात. तसा संघीय नियम नाही. जुन्या कारच्या काचेवर वॉरंटी आहे की "जशी आहे तशी" हे सांगणारा कागद लावायचा संघीय नियमही ८,५०० पौंडांपेक्षा जड गाड्यांना लागू नाही, म्हणजे मोटरहोमला बहुतेक वेळा नाही. तुमचं जे काही संरक्षण आहे ते करारात लिहिलेलं आणि तुमच्या राज्याच्या कायद्यातलं. म्हणून "हे आम्ही करून देऊ" असं विक्रेता म्हणाला की ते देणे-बाकीच्या फॉर्मवर, म्हणजे डीलरने करून द्यायच्या कामांच्या कागदावर, लिहून घ्या: कोणतं काम, कोणता भाग, कोणत्या तारखेपर्यंत, आणि मॅनेजरची सही. "छत बघू" असं लिहू नका. "बाथरूमच्या स्कायलाइटभोवतीचं सीलंट काढून नवं भरणे, १५ मेपर्यंत" असं लिहा.

ताबा शनिवारी संध्याकाळी घेऊ नका. मधल्या वारी सकाळी जा, तीन-चार तास हातात ठेवा, आणि ठरलेली कामं झाली का ते बघून, प्रत्येक यंत्र पुन्हा एकदा चालवून मगच शेवटची सही करा. विमा आधीच सुरू झालेला हवा. पहिली रात्र डीलरपासून वीस मैलांच्या आतल्या कॅम्पग्राउंडवर काढा. टाकी भरा, सगळ्यांनी आंघोळी करा, फ्रिज रात्रभर प्रोपेनवर ठेवा, पहाटे भट्टी लावा, आणि जे अडलं ते वहीत लिहून सकाळी गाडी घेऊन त्याच डीलरच्या दारात उभे राहा.